दिव्याखालचा अंधार : नगरपालिकांच्या वीजबचतीचा हिशेब

गेल्या दहा वर्षांत आपल्या गावातले रस्ते संध्याकाळी कसे बदलले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. सोडियमच्या दिव्यांचा पिवळा उजेड गेला, लुकलुकणाऱ्या ट्यूब गेल्या आणि त्यांच्या जागी एलईडीचे पांढरे दिवे आले. या बदलामागे ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेला पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. ‘ईईएसएल’ ही सार्वजनिक क्षेत्रातील वीज कंपन्यांनी मिळून काढलेली कंपनी. तिने आपल्या पैशाने दिवे बसवायचे, साधारण सात वर्षे त्यांची देखभाल करायची आणि नगरपालिकेने वाचलेल्या वीजबिलातून तिचे हप्ते फेडायचे, अशी ही योजना. कल्पना चांगलीच आहे. ज्या नगरपालिकेकडे एकरकमी पैसा नाही, तिलाही नवे दिवे मिळतात आणि त्यांची किंमत बचतीतूनच वळती होते.

जानेवारी २०२५ मध्ये या कार्यक्रमाला दहा वर्षे पूर्ण झाली. त्या वेळी केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या निवेदनानुसार देशात १ कोटी ३४ लाख एलईडी पथदिवे बसवले गेले, त्यामुळे वर्षाला ९००.१ कोटी युनिट वीज वाचते आणि विजेच्या कमाल मागणीत १,५०० मेगावॅटहून अधिक घट झाली आहे.

असे मोठे आकडे वाचले की आपण मान डोलावतो आणि पान उलटतो. विज्ञानाच्या शिक्षकाने मात्र तसे करू नये. हे तीन आकडे एकमेकांशी जुळतात का, हे पाहायला आठवीचे गणित पुरेसे आहे.

१,५०० मेगावॅट म्हणजे १५ लाख किलोवॅट. संध्याकाळी सगळे पथदिवे एकदम लागतात, तेव्हा पूर्वीपेक्षा इतकी वीज कमी लागते असा याचा अर्थ. वर्षाची बचत आहे ९०० कोटी युनिट, म्हणजेच ९०० कोटी किलोवॅट-तास. आता ९०० कोटींना १५ लाखांनी भागा. उत्तर येते ६,०००. म्हणजे हे दिवे वर्षाला ६,००० तास, रोजचे सोळा तासांहून अधिक, जळत असले पाहिजेत. पण वर्षातल्या सगळ्या रात्रींचे तास मोजले, तरी ते ४,३८० च्या आसपासच भरतात. रात्र बारा तासांची आणि दिवा जळतो सोळा तास! कमाल मागणीतली घट ‘१,५०० हून अधिक’ आहे हे खरे. पण बाराच तासांत ९०० कोटी युनिट वाचवायचे, तर ती घट २,००० मेगावॅटहूनही जास्त हवी.

दुसऱ्या बाजूनेही तपासून पाहू. ९०० कोटी युनिट १ कोटी ३४ लाख दिव्यांत वाटले, तर प्रत्येक दिव्यामागे वर्षाला सुमारे ६७२ युनिट वाचतात. रोज पूर्ण बारा तास दिवा लागतो असे धरले, तरी प्रत्येक दिव्यामागे सुमारे १५३ वॅटची बचत व्हायला हवी. आता आपल्या गल्लीत काय होते ते आठवा. ४० वॅटची ट्यूब होती. तिचा चोक धरून ती ५५ वॅटच्या आसपास वीज घेई. तिच्या जागी १८ किंवा २० वॅटचा एलईडी आला. बचत झाली ३५ वॅट. बाजारपेठेच्या रस्त्यावर ७० वॅटचा सोडियम दिवा होता, तिथे ३५ वॅटचा एलईडी आला. चोक धरून बचत झाली पन्नासेक वॅट. १५३ वॅट वाचायचे तर जुना दिवा २५० वॅटचा हवा. तसे दिवे हमरस्त्यावर आणि मोठ्या चौकात असतात, गल्लीबोळात नसतात. आणि गल्लीबोळ हमरस्त्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात.

मग सरकार खोटे बोलते आहे का? असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. एका आकड्यात वहनातली गळती मिळवली आणि दुसऱ्यात मिळवली नाही, किंवा एखादा गुणक एकाच ठिकाणी वापरला, तरी असा फरक पडू शकतो. पण निवेदन वाचून त्याचा उलगडा होत नाही, आणि माझी तक्रार नेमकी इथेच आहे. हे आकडे कुणी मीटर वाचून काढलेले नाहीत. बसवलेल्या दिव्यांची संख्या घ्यायची, प्रत्येक दिव्यामागे अमुक वॅट वाचले आणि तो अमुक तास लागला असे धरायचे, आणि गुणाकार करायचा. या क्षेत्रात त्याला ‘मानीव बचत’ म्हणतात. मोजलेली बचत ही वेगळी गोष्ट आहे.

मानीव बचत ही काही गुन्हा नव्हे. प्रयोगशाळेत आम्हीही प्रयोगाआधी अंदाज बांधतो. पण प्रयोग झाल्यावर तोच अंदाज निष्कर्ष म्हणून छापत नाही. या दोहोंतला फरक एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एका वॉर्डात शंभर खांब आहेत, पण तीस दिवे कित्येक महिने बंद आहेत. आता शंभरही खांबांवर नवे एलईडी लागले. मानीव हिशेबात शंभर दिव्यांची बचत धरली जाईल. प्रत्यक्षात बंद पडलेले तीस दिवे वीज खातच नव्हते, त्यामुळे तिथे खर्च वाढला! तीस खांबांखाली उजेड आला हा लोकांचा मोठा फायदा आहे, विशेषतः रात्री कामावरून परतणाऱ्या बायकांचा. त्याचे श्रेय जरूर घ्यावे. पण ते उजेडाच्या खात्यात मांडावे, वीजबचतीच्या नव्हे.

हा केवळ आकड्यांचा कीस नाही. नगरपालिका कंपनीचे हप्ते बचतीतून फेडणार होती. जी बचत कागदावर झाली पण बिलात उतरली नाही, तिच्यातून हप्ता कसा फेडायचा? अनेक नगरपालिकांनी हे हप्ते थकवले. त्याची कारणे अनेक आहेत आणि सगळा दोष मानीव बचतीवर टाकता येणार नाही. तरी बिलात दिसणारी बचत हाच ज्या योजनेचा पाया, तिने बिलाकडेच पाठ फिरवावी हे नवलच म्हणायचे.

आता याहून महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. पथदिवे ही नगरपालिकेच्या वीजखर्चाची दिसणारी बाजू आहे. न दिसणारी बाजू नदीकाठी असते. तिथल्या जॅकवेलमध्ये पंप नदीचे पाणी उचलतो, जलशुद्धीकरण केंद्रात आणतो, आणि तिथून दुसरा पंप ते उंच टाकीत चढवतो. ज्या गावाला पाणी उतारावरून आपोआप मिळत नाही, तिथे या कामाला दिव्यांपेक्षा जास्त वीज लागू शकते.

हिशेब सोपा आहे. एक हजार लिटर पाण्याचे वस्तुमान एक हजार किलोग्रॅम. ते ८० मीटर वर चढवायला १००० × ९.८ × ८० म्हणजे ७ लाख ८४ हजार ज्यूल ऊर्जा लागते. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, म्हणून ही ऊर्जा ०.२२ युनिटच्या आसपास भरते. यापेक्षा कमी विजेत ते काम जगातला कोणताही पंप करू शकणार नाही. प्रत्यक्षात मोटार आणि पंप मिळून कार्यक्षमता ७० टक्के असली, तर ०.३१ युनिट लागते. झिजलेल्या, चुकीच्या मापाच्या संचाची ५० टक्केच असली, तर ०.४४ युनिट.

समजा, ५० हजार वस्तीचे एक गाव आहे आणि माणशी रोज १३५ लिटर पाणी घरी पोचवायचे आहे. म्हणजे रोज साडेसदुसष्ट लाख लिटर. घर्षणासकट एकूण चढ, ज्याला पाणीपुरवठ्याची माणसे ‘हेड’ म्हणतात, ८० मीटर. समजा, उचललेल्या पाण्यापैकी ३५ टक्के वाटेतच गळते. मग घरी साडेसदुसष्ट लाख लिटर पोचवायला नदीतून सुमारे १ कोटी ४ लाख लिटर उचलावे लागतील. जुन्या संचाला त्यासाठी रोज सुमारे ४,५०० युनिट लागतील. आता गळती २० टक्क्यांवर आणली आणि ७० टक्के कार्यक्षमतेचा संच बसवला, तर तेवढेच पाणी घरी पोचवायला सुमारे २,६०० युनिट पुरतील. रोजची बचत १,९०० युनिट.

याच गावात ३,००० पथदिवे आहेत असे धरू. प्रत्येकामागे ३५ वॅट वाचले आणि दिवे अकरा तास लागले, तर रोजची बचत १,१५५ युनिट.

हे गाव कल्पित आहे. आपल्या गावाचे आकडे वेगळे येतील. पण एक गोष्ट कुठेही बदलणार नाही. फुटलेल्या पाइपातून जे पाणी वाया जाते, त्याच्यासोबत ते तिथवर आणायला लागलेली वीजही वाया जाते. नगरपालिकेत पाणी आणि वीज ही दोन स्वतंत्र खाती असतील, पदार्थविज्ञानात ती एकच आहेत.

मग पंपांकडे कुणाचे लक्ष का जात नाही? काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका कार्यशाळेच्या निमित्ताने मी एका मध्यम आकाराच्या नगरपालिकेचे पंपहाऊस पाहायला गेलो होतो. दोन पंप धडधडत होते. पाण्याचा दाब दाखवणाऱ्या प्रेशर गेजचा काटा मात्र शून्यावर टेकून स्वस्थ बसला होता. पुढचा व्हॉल्व्ह अर्धा बंद केलेला. पंप पुढच्या तीस वर्षांची लोकसंख्या धरून मोठा घेतला होता, म्हणून व्हॉल्व्ह आवळून त्याला रोखून धरावे लागे. ब्रेक दाबून सायकल मारण्यातलाच हा प्रकार. तिथले ऑपरेटर वीस-बावीस वर्षे त्याच खोलीत काम करत होते. पाइपावर हात ठेवून आणि पंपाचा आवाज ऐकून पंपाची तब्येत सांगण्याइतके ते जाणकार होते. ‘महिन्याला बिल किती येतं?’ असे मी विचारले. ते म्हणाले, ‘साहेब, बिल इकडं कधी येतच नाही. ते ऑफिसात जातं.’

तिथून आम्ही कार्यालयात गेलो. लेखा विभागात बिलांची फाइल होती, तारीखवार नीट लावलेली. तिथल्या लिपिकाला प्रत्येक बिलाची रक्कम आणि शेवटची तारीख तोंडपाठ होती. युनिट किती, हे त्याला आजवर कुणी विचारलेच नव्हते. पाणी किती उचलले याची नोंद पंपहाऊसच्या वहीत, वीज किती लागली याची नोंद लेखा विभागाच्या फाइलीत, आणि त्या दोघींची गाठ पडलेली नाही. एका संख्येने दुसरीला भागले असते, तर हजार लिटरमागे किती युनिट लागतात हे दर महिन्याला कळले असते. तो आकडा वाढू लागला की पंप झिजतो आहे किंवा कुठे काहीतरी बिघडले आहे, हे वर्षभर आधी समजले असते. या भागाकाराला पैसे लागत नाहीत, निविदा काढावी लागत नाही आणि उद्घाटनही करता येत नाही. या शेवटच्या कारणामुळेच तो राहून जात असावा अशी मला शंका आहे.

वरच्या पातळीवर कुणाला हे ठाऊक नाही असे मुळीच नाही. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानुसार स्थापन झालेल्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २००७ मध्ये नगरपालिकांसाठी खास कार्यक्रम हाती घेतला. त्यात १७५ नगरपालिकांचे सविस्तर ऊर्जा-परीक्षण झाले आणि प्रत्येकीसाठी प्रकल्प अहवाल तयार झाला. पुढच्या टप्प्यात प्रायोगिक अंमलबजावणीसाठी प्रस्ताव आला तो १५ नगरपालिकांचा. म्हणजे रोगनिदान १७५ जणांचे आणि औषध पंधरांना. २००८ मध्ये केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने शहरी सेवांचे मापदंड ठरवून दिले. त्यात हिशेबाबाहेर जाणारे पाणी २० टक्क्यांहून अधिक नसावे आणि प्रत्येक नळाला मीटर असावा, असे स्पष्ट सांगितले आहे. तो कागद उत्तम आहे. पण जिथे नळांनाच मीटर नाहीत, तिथे किती पाणी हिशेबाबाहेर गेले हे कशावरून सांगायचे? मग तिथेही अंदाजच येतो, आणि अंदाज नेहमी सोयीचा येतो.

महाराष्ट्रात २ ऑक्टोबर २०२० रोजी ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झाले. भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पंचमहाभूतांच्या नावाने गावे आणि शहरे गुण मिळवतात व क्रमांक पटकावतात. या अभियानाने एक चांगली गोष्ट केली. पर्यावरण हा विषय ग्रामपंचायतीच्या आणि नगरपालिकेच्या कामकाजात आणला, शाळांनाही त्यात ओढले. पण स्पर्धा म्हटली की जे मोजायला आणि दाखवायला सोपे, त्याच्यामागे लोक धावणार. किती रोपे लावली, किती एलईडी बसवले, किती सौर दिवे उभारले हे फोटोसह दाखवता येते. किती रोपे तीन वर्षांनी जगली आणि हजार लिटर पाण्यामागची वीज किती घटली, हे फोटोत येत नाही. परीक्षेत जे विचारतात तेच विद्यार्थी वाचतात, हे शिक्षकांना मी सांगायला नको. दोष विद्यार्थ्याचा नाही, प्रश्नपत्रिकेचा आहे.

आणखी एक अडचण वागण्यातली आहे. समजा, पाणीपुरवठा विभागाच्या अभियंत्याने खटपट करून वर्षाचे दहा लाख रुपये वाचवले. ते जातात नगरपालिकेच्या सर्वसाधारण निधीत. पुढच्या वर्षी त्याच्या विभागाची तरतूद तेवढ्याने कमी होते. म्हणजे वाचवणाऱ्याला हाती काय लागले, तर कपात! वाचलेल्या पैशातला ठरावीक हिस्सा त्याच विभागाला गळती काढायला आणि पंप दुरुस्तीला मिळाला पाहिजे. ही तरतूद ठरावाने करता येईल. त्यासाठी नव्या यंत्राची गरज नाही.

हे सगळे अशक्य आहे असे वाटू नये, म्हणून जवळचेच एक उदाहरण देतो. सातारा जिल्ह्यात कराडजवळ मलकापूर हे छोटे शहर आहे. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस तिथे चोवीस तास पाणी देण्याची योजना सुरू झाली. प्रत्येक नळाला मीटर बसवला आणि जास्त वापराला चढता दर लावला. चोवीस तास पाणी दिले तर लोक उधळतील, अशी भीती अनेकांना वाटते. पण नळाला दिवसातून तासभरच पाणी येते, तेव्हा आपण काय करतो ते आठवा. हंडे, बादल्या, पिंपे भरून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी पाणी ‘शिळे झाले’ म्हणून ओतून देतो. नळ उघडाच ठेवतो, कारण पाणी कधी येईल ते ठाऊक नसते. पाणी हमखास मिळणार याची खात्री असली आणि मीटर फिरताना दिसत असला, की ही उधळण थांबते. मलकापूरने आधी मोजण्याची सोय केली, हे मला तिथले सर्वांत महत्त्वाचे वाटते.

तेव्हा कोणत्याही बचत योजनेची बातमी वाचली, की तीन प्रश्न विचारावेत. योजनेआधी वर्षभर मीटरवर किती युनिट लागले? योजनेनंतर किती लागले? आणि त्या काळात काम तेवढेच झाले का, म्हणजे दिवे तेवढेच लागले का, पाणी तेवढेच उचलले का? या तिन्हींची उत्तरे असतील, तर ती मोजलेली बचत. नसतील, तर ती मानीव. माझ्या मते प्रत्येक नगरपालिकेने दर महिन्याला दोन आकडे दरवाजावरच्या फळ्यावर लिहावेत : हजार लिटर पाण्यामागे किती युनिट आणि एका पथदिव्यामागे किती युनिट. ज्या योजनेला हे आकडे दाखवायची भीती वाटते, तिच्यावर खर्च करण्याआधी नागरिकांनी दोनदा विचार करावा.

नगरपालिकेला धडे देण्याआधी आपण आपल्या शाळेत हा प्रयोग करून पाहू. शाळेच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी दहा मीटर उंच आहे असे धरा. तिच्यात पाणी चढवायला कमीत कमी ९८ हजार ज्यूल, म्हणजे ०.०२७ युनिट लागते. आता शाळेतले बाकीचे दिवे-पंखे बंद करून पंप लावा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो, आणि किती लुकलुकींना एक युनिट होते हे मीटरवरच छापलेले असते. टाकी भरेपर्यंत मुलांना त्या मोजायला सांगा. लुकलुकींवरून किती युनिट लागली हे काढा आणि ०.०२७ ला त्या आकड्याने भागा. कार्यक्षमता दहा-बारा टक्के आली, तर दचकू नका. लहान पंपांचे पुष्कळदा असेच असते. का, याची चर्चा वर्गात तासभर पुरेल.

एवढे करून झाले की दहावीच्या चार मुलांनी नगरपालिकेत जाऊन बारा महिन्यांची पाण्याची आणि विजेची नोंद मागावी. दोन वह्या दोन खोल्यांत असतील. मुलांनी त्या एका टेबलावर आणल्या आणि भागाकार करून दाखवला, तर गावातला तो पहिलाच भागाकार ठरण्याची शक्यता आहे. ऑपरेटरांनाही तो उतरवून द्यावा. बावीस वर्षे ते त्याचीच वाट पाहत असतील.